तान्ह्याच्या दातांचे वळण

भिवंडीहून अंजूरफाट्यास येऊन ठाण्याच्या जुन्या रस्त्यास लागले, म्हणजे त्याच्या आसपास वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी, दापोडा अशी जी गावे एकमेकांना खेटून वसलेली आढळतात, त्यांना आज सारा देश गोदामांचा मुलूख म्हणून ओळखतो. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी रद्द होईपर्यंत शहराच्या नाक्याबाहेर माल उतरवून ठेवावा आणि मागणी येईल तसतसा आत न्यावा, हा हिशेब व्यापाऱ्यांस किफायतीचा होता. जागा ग्रामपंचायतीच्या अमलाखालची, महामार्ग जवळ आणि जमीन खाडीकाठची सपाट, असा योग जुळून आल्यामुळे ज्या खाचरांत चार महिने भात डोलत असे, त्यांच्यावर पत्र्याची छपरे चढली. जकात गेली, छपरे मात्र राहिली. या छपरांखालून देशभर रवाना होणाऱ्या खोक्यांत सर्व काही असते, आणि त्यातच मुठीएवढ्या दांड्याचे, टोकाला ससा किंवा अस्वल बसविलेले, दोन वर्षांच्या आतील बालकांसाठी म्हणून निराळे काढलेले दात घासण्याचे ब्रशही असतात.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. तथापि वळ हे नाव उच्चारताच मराठी मनुष्यास ‘वळण’ हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. मुलाला सवय ‘लागते’, वळण मात्र ‘लावावे’ लागते. पहिली आपोआप जडते, दुसऱ्यामागे कोणाचा तरी हात असतो. तान्ह्या मुलाच्या दातांना हे वळण आपल्याकडे कोणी लावले, केव्हा लावले आणि मध्येच कित्येक पिढ्या ते का सुटले होते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. शेजारच्या अंजूरचे गंगाजी नाईक यांनी १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत केलेली कामगिरी इतिहासात रुजू झाली. परंतु त्याच मुलखात कोणत्या आजीने कोणत्या नातवाचे तोंड कसे पुसले, याची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याही कारकुनाला भासली नाही. घरातील वहिवाटीचा माग काढावयाचा तर वैद्यकाच्या पोथ्या, स्वयंपाकघरातील जिनसा आणि बोलण्यातील शब्द एवढ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पोथ्यांपासून आरंभ करावा, तर पहिलीच नोंद अशी सापडते की आजच्या दंतवैद्याने विस्मित व्हावे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात अर्भकाचे उपचार सांगताना आचार्य म्हणतात की त्याचे टाळू, ओठ, कंठ आणि जीभ बोटाने पुसून काढावीत. आणि ते बोट कसे असावे, तर नखे नीट कापलेले, स्वच्छ धुतलेले आणि कापसाच्या बोळ्याने गुंडाळलेले. जन्माच्या पहिल्या घटकेलाच, दात येण्याच्या कित्येक महिने आधी, मोठ्या माणसाचे बोट लेकराच्या तोंडात जाते, आणि शास्त्र त्या बोटाच्या नखांपर्यंत दक्षता घेते. आज बालदंतवैद्य ‘स्वच्छ ओले मलमलचे फडके बोटाला गुंडाळून हिरड्या पुसा’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या हेतूत भेद असेल, बोट मात्र तेच असते.

काश्यपसंहिता ही तर बालवैद्यकाचीच पोथी. नेपाळात जपल्या गेलेल्या तिच्या खंडित प्रतीत ‘दन्तजन्मिक’ नावाचा एक संपूर्ण अध्याय दातांच्या उगवण्यावर खर्ची पडला आहे. मनुष्याचे दात बत्तीस, त्यांपैकी आठ एकदाच जन्मतात आणि उरलेले दोनदा जन्मतात म्हणून ते ‘द्विज’, अशी तेथे विभागणी आहे. मुलींच्या हिरड्या मृदू असल्यामुळे त्यांचे दात लवकर व कमी पीडेने येतात, असेही निरीक्षण आहे. पक्षी द्विज, ब्राह्मण द्विज आणि दातही द्विज. या शब्दामागे पहिल्या जन्माची जी किंचित उपेक्षा लपलेली आहे, तिच्याकडे पुढे यावयाचे आहे. वाग्भटाने दंतोद्भेद हे बालकाच्या सर्व रोगांचे कारण ठरविले, हे मत आज कोणी मान्य करणार नाही. परंतु लगेच पुढे त्याने जे बजावले ते त्याच्या शहाणपणाचे द्योतक आहे. दात येताना होणाऱ्या विकारांत बालकास फार जाचू नये, दात आले म्हणजे ते विकार आपोआप शमतात, असा त्याचा अभिप्राय आहे. दात येताना ढाळ लागले की गंडेदोऱ्यापासून डागण्यांपर्यंत ज्या समाजाची मजल गेली, त्याने वाग्भटाचे पहिले वाक्य तेवढे ऐकले आणि दुसऱ्याच्या वेळी कान झाकून घेतले, असेच म्हणावे लागते.

मात्र हाच वाग्भट अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत दंतधावनाचा विधी सांगू लागतो, तेव्हा तान्हे मूल त्याच्या दृष्टीसमोरून पार नाहीसे होते. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांची काडी घ्यावी, ती करंगळीच्या टोकाएवढी जाड व बारा अंगुळे लांब असावी, सकाळी आणि जेवणानंतर ती चावून दात घासावे व हिरड्यांस इजा होऊ देऊ नये, हे सारे नियम ज्याला काडी चावता येते त्याच्यासाठी आहेत. पहिल्या दिवशी पुसलेले तोंड आणि पाचव्या-सहाव्या वर्षी हातात आलेले दातवण, यांच्यामधील काळाला विधी नाही.

ही पोकळी केवळ अनवधानाने राहिली असे मला वाटत नाही. आपल्याकडे दात घासणे हे आरोग्यापेक्षा शौचाचे कर्म होते. रात्रभर मुखात साचलेली अशुद्धी दूर करून मग अन्नाला, देवाला, पाण्याच्या भांड्याला हात लावावयाचा, म्हणून ते सकाळी करावयाचे. अमावास्या, प्रतिपदा, एकादशी अशा काही तिथींना काडीच वर्ज्य, त्या दिवशी बारा चुळा भरल्या की शुद्धी झाली. दातांच्या प्रकृतीचा विचार मुख्य असता, तर तिथीने तो थांबला नसता. आणि शुद्धाशुद्धतेचाच प्रश्न असेल, तर तान्हे मूल त्यातून पूर्णपणे मोकळे होते. उपनयनापूर्वी बालकाला आचरण, भाषण आणि भक्षण यांची मुभा आहे, असे गौतमाच्या धर्मसूत्रात स्पष्टच सांगितले आहे. आणि ज्या घरांचा धर्मसूत्रांशी सुतराम संबंध नव्हता, तेथेही लेकराचे उष्टे हे उष्टे मानले जात नाही. ज्याचे तोंड मुळात विटाळतच नाही, ते धुवावयाचे कशासाठी? धर्माने दिलेली ही सवलत अत्यंत प्रेमळ होती, आणि दुधाच्या दातांना तीच भोवली.

आता वळसारख्या गावातील घराच्या पडवीत येऊ. ही आगऱ्यांची वस्ती; आगर म्हणजे मिठागर, आणि खाडीचे पाणी बांधात कोंडून मीठ पिकविणे व खारजमिनीत भात काढणे हे या समाजाचे दोन पिढीजात उद्योग. भिवंडी ही भाताची पेठ. तेव्हा दात घासण्याचे साहित्य बाजारातून आणावे लागत नव्हते. भात सडल्यावर उरलेले तूस आणि शेणाच्या गोवऱ्या जाळून राखुंडी होई, मीठ घरचे असे, करंजाची फांदी खाडीच्या काठी असे, आणि तेही नसले तर आंब्याचे पान गुंडाळून काम भागे. पहाटे पडवीच्या कडेला उकिडवे बसून, डाव्या तळहातावर चिमूटभर राखुंडी घेऊन, उजव्या तर्जनीने खसाखसा दात घासायचे आणि तांब्यातल्या पाण्याने चुळा अंगणात टाकायच्या, हा घरातील पुरुषांचा प्रातःकाळचा शिरस्ता असे. शेजारी बसून त्यांची नक्कल करणारे चार-पाच वर्षांचे पोर आपोआप त्या पंगतीत सामील होई. शिक्षण म्हणाल तर एवढेच. तुसाच्या राखेचा बहुतांश भाग सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य; त्यामुळे दात पांढरे होत हे खरे, आणि वर्षानुवर्षे घासल्याने त्यांचे कवच झिजे हेही तितकेच खरे. आज ही सामग्री बहुतेक घरांतून गेली. भाद्रपदातील ऋषिपंचमीला आघाड्याच्या काड्यांची जुडी बाजारात येते आणि व्रत करणाऱ्या बायका तिने दात घासतात, तेवढाच एक दिवस जुन्या वहिवाटीची आठवण राहिली आहे.

बायकांच्या वाट्याला मात्र राखुंडीपेक्षा मशेरी अधिक आली, आणि या इतिहासातील सर्वांत अप्रिय प्रकरण तेच आहे. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजून, चुरडून, त्याची पूड डबीत भरून ठेवायची आणि दात घासण्याच्या निमित्ताने ती हिरड्यांवर चोळत बसायचे. दात एका मिनिटात स्वच्छ होत, पण बोट तोंडातून निघायला अर्धा तास लागे, कारण घासणे हे निमित्तमात्र असून खरी ओढ तंबाखूच्या झिंगेची असे. उघड्यावर विडी ओढणे स्त्रीला शोभत नसे. दात घासण्यास कोण हरकत घेणार? पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल, शेत आणि मिठागर यांत राबणाऱ्या बाईला विसाव्याची तेवढीच सवड मिळे, हे विसरून तिच्यावर टीका करणे सोपे आहे. परंतु तेच बोट लेकराच्या सुजलेल्या, शिवशिवणाऱ्या हिरडीवरून फिरले, आणि बधिरतेमुळे त्याचे रडे थांबले की औषध लागू पडले अशी समजूत झाली. चरकाने ज्या बोटाची नखे कापावयास सांगितली होती, त्या बोटाला तंबाखू लागला. दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली, ती सर्वोच्च न्यायालयातही १९९७ साली टिकली. घरच्या तव्यापर्यंत मात्र असा हुकूम पोहोचत नाही.

दात उगवण्याभोवती दुसराही एक पसारा होता. वरचे दात आधी आले की ते मामाला भारी, मग त्याच्या निवारणासाठी मामाला बोलावून काही तरी विधी करायचा. दुधाचा दात पडला की कोणी तो कौलांवर फेकावा, कोणी उंदराच्या बिळात टाकावा आणि बदली उंदरासारखा बारीक, बळकट दात मागून घ्यावा. दात येताना एवढी चिंता, जाताना एवढा समारंभ, आणि मधल्या सहा वर्षांत तो किडला की काळा पडला याची विचारपूसही नाही. ‘दुधाचे दात, पडायचेच आहेत’ या एका वाक्याने विषय संपे. पहिल्या जन्माची उपेक्षा म्हणतात ती हीच. वस्तुतः दुधाचे वीस दात पक्क्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. ते अकाली गेले की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि मागून येणाऱ्या खऱ्या मालकाला वाकड्या वाटेने यावे लागते. शिवाय सहाव्या वर्षी अगदी मागे उगवणारी पहिली पक्की दाढ कोणताही दात न पाडता येत असल्याने कित्येक आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि आयुष्यभराची दाढ त्याच वाक्यावर गमावतात.

एवढे असूनही जुन्या पिढीची तान्ही मुले निभावून गेली, याचे श्रेय राखुंडीला नसून आहाराला द्यावे लागते. पेज, भात, मासळी आणि अंगावरचे दूध यांवर वाढणाऱ्या मुलाच्या तोंडात गोड वस्तू सणावारालाच जाई. गुळाचा खडा तेवढा अपवाद. विसाव्या शतकात चहा खेड्यापर्यंत झिरपला, पाठोपाठ बिस्किटे आली. लोणीच्या प्रवरा सहकारी कारखान्याने १९५० च्या सुमारास गाळप सुरू केल्यानंतर सहकारी साखरेचे युग आले आणि साखर गरिबाच्या डब्यात कायमची बसली. चहात बुडवून मऊ केलेले बिस्कीट हे वर्षाच्या मुलाचे पहिले घन अन्न झाले, दूध बाटलीत गेले, दुधात साखर गेली. आहार पालटला आणि वळण तेच राहिले. कीड शिरली ती या फटीतून.

शहरात या सुमारास दंतविद्येने शास्त्राचे रूप घेतले होते. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. १९३७ साली कोलगेट-पामोलिव्हची हिंदुस्थानातील कंपनी मुंबईत नोंदली गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डुकराच्या केसांऐवजी नायलॉनच्या केसांचा ब्रश विक्रीस आला, आणि ब्रश तोंडात घालण्यास सोवळ्याची जी खरी अडचण होती, ती नकळत दूर झाली. १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी विको सुरू केली आणि वज्रदंतीच्या रूपाने वनस्पतींची पूड डबीत भरली. या कंपनीचा कारखाना पुढे वळच्या खाडीपलीकडे डोंबिवलीत उभा राहिला. माकडछाप काळ्या दंतमंजनाची पुडी तर राखुंडीचीच शहरी बहीण शोभावी. रंग ओळखीचा, घासायचे बोटानेच, म्हणून खेड्यांनी तिला बिनदिक्कत घरात घेतले. परंतु पूड असो वा पेस्ट, जाहिरातीतील मूल नेहमी स्वतःच्या हाताने दात घासताना दिसे. ज्याला ब्रश धरता येत नाही, त्याचा विचार तेथेही नव्हता.

तो विचार तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात केला एका शिक्षिकेने. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. भावनगर आणि मुंबई येथे मॉन्टेसरीची पद्धती चालविल्यावर, ही चैन श्रीमंतांच्याच मुलांपुरती का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ च्या डिसेंबरात त्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बोर्डी येथे आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रूढ झाला. गाणी आणि गोष्टी नंतर. आधी नाक, नखे, केस आणि दात. हे काम आपल्याला पाणक्याचे वाटावे इतके सामान्य होते. पण त्यात एक नवीन विचार होता. मूल मोठ्यांच्या पंगतीत बसून नक्कल करीपर्यंत न थांबता, मोठ्या माणसाने खाली बसून त्याच्या उंचीला यावयाचे, आणि तेही त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती स्वतः करील. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य विस्तारले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजनेचा ३३ प्रकल्पांनी आरंभ केला आणि अंगणवाडी हा शब्द देशभराच्या सरकारी दफ्तरात शिरला. शब्दाबरोबर सारा व्यवहारही शिरला असे नाही; वजनकाटा आणि पोषण आहार यांची नोंदवही भरता भरता दात मागे पडतात, हे कोणतीही सेविका खासगीत कबूल करील.

दरम्यान दंतविद्येने सकाळचे माहात्म्यच उलटविले. १९६२ साली एलियास फास या अमेरिकन दंतवैद्याने बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बालकांच्या वरच्या पुढील दातांच्या किडीकडे लक्ष वेधले. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांभोवती साचून राहते, जंतू त्यातील साखरेचे आम्ल करतात, आणि ओठ वर उचलून पाहणारे कोणी नसल्यामुळे हिरडीलगतची पांढरी रेघ तपकिरी होईपर्यंत ध्यानात येत नाही. म्हणजे शौचाच्या दृष्टीने महत्त्वाची ती पहाट. दाताच्या दृष्टीने महत्त्वाची ती रात्र, शेवटचे दूध पाजल्यानंतरची. आमच्या घरांत रात्री मूल पाजता पाजता निजवले जाते, आणि निजलेल्या लेकराला उठविणे हे पाप मानतात. हजारो वर्षांचे वळण अडते ते येथे, तत्त्वाशी नव्हे, आईच्या मांडीशी. त्यावर अनुभवी दंतवैद्य जो तोडगा सांगतात तो अगदी घरगुती आहे: पाजण्याचा क्रम थोडा अलीकडे आणावा, मग तोंड पुसावे, मग गाणे, मग झोप.

वळमध्ये आज दोन तऱ्हेच्या आया आहेत. एक गावातली, जिच्या घरी सासू आहे आणि सासूपाशी मशेरीची डबी. दुसरी गोदामात हमाली वा पॅकिंगचे काम करणाऱ्याची बायको, जी दूरच्या प्रांतातून येऊन चाळीच्या एका खोलीत संसार करते आणि जिच्या लेकराला आजीचे बोट, बरे वा वाईट, लाभतच नाही. पहिलीला काही मोडावयाचे आहे, दुसरीला सर्वच नव्याने मांडावयाचे आहे. माझ्या मते पहिलीचे काम अधिक अवघड, कारण सासूशी भांडण न करता डबी दूर सारणे ही मुत्सद्देगिरी आहे. कृती मात्र दोघींना एकच. साधारण सहाव्या महिन्यात खालचे दोन दात दिसले की फडक्याच्या जागी मऊ केसांचा लहान ब्रश घ्यावा. घरात दोन माणसे असतील तर त्यांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसावे. मुलाचे डोके एकीच्या मांडीवर, पाय दुसरीच्या कमरेशी, म्हणजे एकीला तोंड स्वच्छ दिसते आणि दुसरीला हात धरता येतात. एकटी असेल तर मुलाला मांडीवर, पाठ आपल्या छातीशी टेकवून बसवावे आणि ओठ बोटाने अलगद वर करावा. मूल रडेल, रडताना तोंड उघडे असते, ही त्यातल्या त्यात सोय. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश त्याच्या हाती दिला, तरी शेवटचा हात आईबापाने फिरवावा, कारण ज्याला शर्टाच्या गुंड्या धड लावता येत नाहीत त्याला दाढेमागची जागा सापडत नाही.

राहता राहिली पेस्ट. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी लाट दाखवितात, ती तान्ह्यासाठी नव्हे. त्याला थुंकता येत नाही, घातलेले सर्व पोटात जाते. म्हणून अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने २०१४ साली पहिल्या दातापासून तिसऱ्या वर्षापर्यंत फ्लोराइडयुक्त पेस्टचे जे प्रमाण ठरवून दिले, आणि जे आज आपल्याकडचे बालदंतवैद्यही सांगतात, त्याला वजनमापाची गरज पडत नाही. ते प्रमाण म्हणजे तांदळाचा एक दाणा. परदेशी बाईला तो दाणा चित्रात दाखवावा लागत असेल. वळच्या आजीला तो तिच्या उभ्या शेताइतका परिचित आहे, मग ते शेत आज एखाद्या गोदामाच्या फरशीखाली का असेना. तुसाची राखुंडी जिने सासऱ्यांच्या तळहातावर घातली, तीच आता सुनेच्या हातातला ब्रश उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून पाहते आणि म्हणते, ‘हे दोन दाणे झाले, बाय, एक पूस.’